वाकडं अंगण

गेल्या जुलैत आमच्या घरात एकाच आठवड्यात दोघांची मान धरली. एक माझी आणि दुसरी माझ्या इलेक्ट्रिक गिटारची. माझी मान हाडांच्या डॉक्टरांनी ८०० रुपयांत सरळ केली. गिटारवर मात्र तोवर माझे ३१ हजार उडाले होते, आणि तिची मान वाकडी आहे हे अजून कोणी डोळा लावून बघितलंही नव्हतं.

मी एका पतसंस्थेत कर्जवसुलीला आहे. हप्ता का चुकला याची कारणं ऐकणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. भागीदार पळाला, मेहुण्याचं लग्न निघालं, गाळ्यात पाणी शिरलं, चेकबुक उंदराने खाल्लं. माणूस खुर्चीवर कसा बसतो यावरून मला आता कळतं की कारण घरून करून आणलंय की जिन्यात सुचलंय. अशा माणसाला स्वतःसाठी एखादं जातिवंत कारण मिळू नये, ही खंत होती. ते सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळालं, आणि ते लाकडाचं निघालं.

दिवाळीत बोनस झाला आणि मी गिटार घेतली. लाल, दोन शिंगांची, स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाची. 'दम मारो दम'च्या सुरुवातीची गिटार ऐकून कॉलेजात असतानाच ठरवलं होतं की एवढं तरी आपण कधीतरी वाजवायचं. ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे. तेच ते, पुढे गझलांमुळे घरोघरी पोचलेले. त्यांच्या हातून तारेतून जो धूर निघतो, तो माझ्या हातून काही निघेना. चार महिने रोज रात्री साडेनऊला मी तेवढाच तुकडा वाजवत होतो. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बायकोला लिफ्टमध्ये विचारलं, "तुमच्याकडे ग्रिलचं काम अजून किती दिवस चालणार आहे?"

ही व्यथा मी सकाळच्या लोकलमध्ये आमच्या टोनाचार्यांपुढे मांडली. टोनाचार्य एका कंपनीत खरेदी विभागात आहेत आणि त्यांच्या घरी अकरा गिटारी आहेत. त्यांनी एकही गाणं पुरं वाजवलेलं मी ऐकलेलं नाही. ते "ऐका" म्हणतात, एकच तार छेडतात आणि ती विझेपर्यंत आपल्या डोळ्यांत बघत राहतात. आपण मध्येच पापणी लववली तर त्यांना वाईट वाटतं. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा नुसता अंगठा मागितला होता. आमच्या टोनाचार्यांना क्रेडिट कार्ड लागतं.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "साहेब, यात तुमचा दोष नाही. दोष मेपलचा आहे."

वीस वर्षांत इतकं सुंदर कारण माझ्यासमोर कोणी ठेवलं नव्हतं.

ठाणे येईपर्यंत मला कळलं ते असं. माझ्या गिटारची मान अख्खी मेपलची. मेपल कठीण आणि घट्ट, म्हणून आवाज टणटणीत. त्याला 'ब्राइट' म्हणायचं. महोगनीची मान जरा मऊ, तिचा आवाज 'वॉर्म'. मेपलवर शिसवाची पट्टी चढवली की दोन्हींच्या मधलं काहीतरी, आणि आबनुसाची चढवली की 'स्नॅपी'. याखेरीज एक 'वूडी' नावाचा आवाज असतो. लाकडी वस्तूचा आवाज लाकडासारखा आहे हे ओळखण्याइतका कान तयार व्हायला म्हणे दहा वर्षं लागतात.

"मग स्ट्रॅटोकास्टर काढणाऱ्या त्या फेंडरने आधी सगळं मेपलचंच का केलं?" मी वसुलीवाल्याच्या सवयीने विचारलं.

यावर टोनाचार्य खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना इतिहास आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, शिक्षणाने हिशेबनीस आणि पेशाने रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. ज्याच्या नावाने आज जगभर टोनच्या आणाभाका घेतल्या जातात, त्याला साधा एक तुकडा वाजवता येत नव्हता, हे वाचलं त्या रात्री मला फार शांत झोप लागली. त्याने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारींची मान होती एकाच मेपलच्या तुकड्याची आणि धडाला चार स्क्रूंनी जोडलेली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. खुर्चीचा पाय बदलावा तसं. पुढे १९५९ च्या सुमारास तिच्यावर शिसवाची पट्टी आली. ती टोनसाठी आली असं टोनाचार्य मानतात. सांगणारे सांगतात ते वेगळंच: मेपलवरचं पॉलिश बोटांनी उडायचं आणि मान मळकट दिसायची, म्हणून गडद लाकूड. माझ्या आईने माझ्या शाळेच्या पँटी कायम तपकिरी घेतल्या, त्यामागेही हाच संगीतविचार होता.

संध्याकाळी मी घरी जाहीर केलं की आपल्याला शिसवाची पट्टी असलेला नेक घ्यायचा आहे. आणि हे परदेशी लाकूड नव्हे, ज्याला गिटारवाले इंडियन रोझवूड म्हणतात ते आपलं सह्याद्रीतलं शिसव. २०१७ च्या जानेवारीत जगभरच्या शिसवांच्या व्यापारावर निर्बंध आले आणि गिटार कंपन्यांची धावपळ झाली. वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. जवळजवळ तीन वर्षं सीमाशुल्काचे अधिकारी ज्या लाकडाचे कागद मागत होते, ते आपल्या आज्यांच्या पलंगांचं लाकूड.

"पलंग कशाला," आई म्हणाली, "माझा पोळपाट शिसवीच आहे. तुझ्या आजीचा. म्हणून तर पोळी अशी होते. सागाच्या पोळपाटावर कर, बघ, होते का."

मी खो-खो हसलो. "अगं आई, कणीक तीच, तवा तोच, लाटणारा हात तोच. पोळपाटाने पोळीत काय फरक पडणार?"

आई काही बोलली नाही. ती अशा गोष्टी व्याजाला लावून ठेवते.

नेक १६ हजारांना आला. चार स्क्रू काढायचे आणि चार बसवायचे, एवढंच काम. तिसऱ्या स्क्रूचं भोक मी इतकं खाल्लं की स्क्रू आत नुसता फिरू लागला. शेवटी काड्यापेटीतल्या दोन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत ठोकल्या. म्हणजे कॅनडातलं मेपल आणि सह्याद्रीतलं शिसव यांच्या संगमाला आमच्या गॅसजवळच्या काड्यापेटीचंही लाकूड लागलं. तिच्या टोनबद्दल टोनाचार्य काही बोलले नाहीत. त्यांनी एक तार छेडली, माझ्या डोळ्यांत बघितलं. मी पापणी न लववता म्हटलं, "वॉर्म."

"वॉर्म," तेही म्हणाले. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

घरी मात्र पुरावा मागण्यात आला. मी बायकोला कपाटाकडे तोंड करून उभं केलं. आधी जुन्या नेकवर वाजवलेलं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं, मग नव्यावरचं.

"कोणतं चांगलं?"

"दुसरं."

मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच. "का? काय जाणवलं?"

"लवकर थांबलास."

त्यानंतर मला लाकूड वाजवून बघायचा नाद लागला. फळीला कानाशी धरून टिचकी मारली की तिचा टोन कळतो, असं टोनाचार्यांनी शिकवलं होतं. मी ऑफिसातलं टेबल वाजवलं, लोकलचं बाकडं वाजवलं, सोसायटीचं नोटीस बोर्ड वाजवलं. एका फर्निचरवाल्या कर्जदाराकडे वसुलीला गेलो आणि त्याचा सोफा वाजवत बसलो. तो इतका घाबरला की जप्ती आली समजून त्याने दोन हप्ते रोख भरले. साहेबांनी माझं कौतुक केलं. खरं तर यात नवीन काहीच नव्हतं. कलिंगड, नारळ आणि माठ वाजवून घेतल्याशिवाय मराठी माणूस पैसे देत नाही. फक्त कलिंगड घरी आणून कापलं की निकाल लागतो. गिटार कापता येत नाही, म्हणून वाद टिकतो.

लेस पॉल या गिटारवादकाचा एक किस्सा मला फार आवडतो. १९४० च्या आसपास त्याने पाइनच्या चार इंची ओंडक्यावर तारा ताणून इलेक्ट्रिक गिटार बनवली. लोकांना ती काही रुचेना. मग त्याने एक जुनी गिटार उभी चिरली आणि तिच्या दोन फाका ओंडक्याच्या दोन बाजूंना चिकटवल्या. आवाज तोच, पण आता लोक खूश. तो सांगायचा की लोक डोळ्यांनी ऐकतात. हे मी टोनाचार्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "पाइन असेल, पण कुठलं पाइन?"

मे महिन्यात लाकूड निर्दोष ठरलं. म्हणजे आवाज सुधारला नाही, पण शिसवावर संशय घेणं आम्हाला शोभत नव्हतं. "साहेब, तुमचा ब्रिज," टोनाचार्य म्हणाले. "तारा जिथे बसतात तिथेच सगळं हरवतंय. त्याच्या खालचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, झिंकचा आहे. पोलादाचा हवा."

स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज हा स्वतंत्र संसार आहे. पुढून सहा तारा त्याला मिळून ४०-४५ किलोंच्या घरात ओढतात. मागच्या बाजूला, धडाच्या पोटात, स्प्रिंगा असतात. त्या तेवढ्याच जोराने उलट ओढतात. या रस्सीखेचीत ब्रिज मधोमध तरंगतो, आणि त्याला लावलेला दांडा दाबला की स्वर हलतो. लिओ फेंडरने १९५४ मध्ये याचं नाव ठेवलं 'ट्रेमोलो'. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. स्वर वर-खाली होणं म्हणजे व्हायब्रेटो. पुढे त्याच्याच अँप्लिफायरवर आवाज लहान-मोठा करणारं बटण आलं, त्यावर लिहिलं 'व्हायब्रेटो'. एक चूक झाली तर माणूस दुरुस्त करतो. दोन चुकांनी एकमेकींना बरोबर पेलून धरलं, म्हणून त्या सत्तर वर्षं उभ्या आहेत.

या ब्रिजची अडचण अशी की एक तार सुरात आणली की ताण बदलतो, ब्रिज केसभर हलतो आणि उरलेल्या पाच बेसूर होतात. त्या पाच लावल्या की पहिली रुसते. मी सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे मला हे यंत्र लगेच समजलं. पार्किंगचं एकाचं भागवलं की पाच जण अर्ज आणतात. 'फ्लॉइड रोझ' नावाचा दुसरा एक ब्रिज आहे, त्यात तारांना दोन्ही टोकांना कुलूप घालतात. मग कोणी हलत नाही, पण साधी तार तुटली तरी पाने घेऊन बसावं लागतं. हे आमच्या सोसायटीतही सुचवून झालं आहे. आणि फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या जुन्या ब्रिजवर सहा तारांना मिळून तीनच पितळी घोड्या, म्हणजे दोन तारांत एक. दोघींपैकी एकीचं बरोबर बसवलं की दुसरीचं जरासं चुकतंच. दोन जावांना एक ओटा दिला की होतं तसं. त्या ब्रिजवर फेंडरने एक चकचकीत झाकणही दिलं होतं. ते वाजवताना हाताला अडतं म्हणून वादकांनी काढलं आणि त्यात सिगारेटी विझवल्या. त्याचं नावच पुढे 'अॅशट्रे' पडलं. टोनवर त्याचा झालेला हा एकमेव नोंदलेला परिणाम.

पोलादी ब्लॉक आणि बाकी सामान मिळून १५ हजार. बसवताना स्प्रिंग काढण्यासाठी मी पक्कड लावली आणि ती 'ट्याँव' असा आवाज करून नाहीशी झाली. आजवर त्या गिटारमधून निघालेला सर्वात स्वच्छ स्वर तोच. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी आईला ती बाळकृष्णाच्या मागे सापडली. तिने ती धुऊन, हळदीकुंकू लागलेली, माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि एवढंच म्हणाली, "तुझं काहीतरी देवापर्यंत पोचलं म्हणायचं."

मग पाऊस सुरू झाला आणि गिटार भुणभुणू लागली. कुठलीही तार दाबा, मागे एक माशी अडकल्यासारखा आवाज.

"हा बझ आहे," टोनाचार्य म्हणाले. "दोष आहे."

"मिरजेत याचे पैसे घेतात," मी म्हटलं.

हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो नाही. मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून मिरजेत तंबोरे घडवतात, तिथे घोडीचा माथा कानसेने जरा-जरा घासत जवारी काढतात. तार त्या उतारावर हलकेच घासली पाहिजे, म्हणजे स्वराला ती झणझण येते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी जागा धरतात. एका केसाइतकं इकडे-तिकडे झालं तर तंबोरा मुका. ब्रिजने टोन बदलतो का, हा प्रश्न मिरजेत कोणी विचारला तर त्याला चहा पाजून परत पाठवतील. फरक इतकाच की तिथला कारागीर आयुष्य घालवून जी भुणभुण आणतो, ती मी ३१ हजारांत आणि नको असताना मिळवली होती.

घरातल्या विज्ञानवादी गटानेही याच सुमारास डोकं वर काढलं. मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, "बाबा, पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तारेचं वेटोळं. त्याला लाकूड ऐकू येत नाही. त्याला फक्त समोरची पोलादी तार हललेली कळते."

"पण ती तार बसलीये लाकडावरच ना?"

"हो. म्हणून एखाद्या स्वराला मानच तारेबरोबर थरथरायला लागते आणि तो स्वर लवकर मरतो. तेवढं खरं आहे."

"बघ!"

"काय बघ? तू तो स्वर मरायच्या आत चुकीचा दुसरा वाजवतोस."

वर तिने मला ब्रायन मेची गोष्ट सुनावली. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या 'क्वीन' बँडमधला हा गिटारवाला. याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली. मान एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून काढली; तिला वाळवीसारखी भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. ब्रिजला मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, आणि दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक. तीच गिटार तो जन्मभर वाजवतोय, आणि मध्येच खगोलशास्त्रात पीएच.डी.ही करून आलाय.

मुलीचा मुद्दा होता की बघ, माणूस महत्त्वाचा. माझ्या मनात राहिलं ते एवढंच की काड्या त्यानेही वापरल्या. म्हणजे आपण योग्य मार्गावर आहोत. आणि जुनं, घरातलं, मुरलेलं लाकूड. माझी नजर सावकाश स्वयंपाकघराकडे वळली.

"पोळपाटाला हात लावशील तर," आई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली.

त्याच आठवड्यात माझी मान धरली, आणि पावसाने फुगलेलं बाथरूमचं दार तासायला मेस्त्री आले. कणकवलीकडचे, साठीचे, कमी बोलणारे. दाराचं काम संपवून पाणी पिताना त्यांनी कोपऱ्यातली गिटार बघितली. विचारलं नाही, उचलली. धड काखेत धरलं, एक डोळा मिटला आणि वासा बघावा तशी मानेच्या टोकाकडून खालपर्यंत नजर टाकली.

"वाकलंय."

"काय?"

"लाकूड. पावसाचं पाणी प्यायलंय. पोट पुढे काढलंय बघा." मी मान वळवून बघायला गेलो आणि कळ आली. मेस्त्रींनी मानेच्या टोकाशी असलेल्या भोकात डोकावून बघितलं. "आत सळई आहे काय?"

आत सळई असते हे मला माहीत होतं. तारांचा ओढा मानेला पुढे वाकवतो, त्याला उलट ताण द्यायला. टोनाचार्यांनी तिच्या पोलादाची जात मला सांगितली होती. ती फिरवायची असते हे सांगितलं नव्हतं.

"जास्त आवळलीय," मेस्त्री म्हणाले. कपाटांसाठी आणलेल्या एलन कीच्या जुडग्यातून त्यांनी एक काढली, बसते का पाहिलं आणि पाव वळसा सैल केला. पुन्हा एक डोळा मिटला. अजून थोडं. मग गिटार माझ्या हातात दिली. "वाजवा."

माशी उडून गेली होती. प्रत्येक स्वर स्वच्छ, मोकळा, जिथला तिथे. आठ महिन्यांत पहिल्यांदाच गिटार जे वाजवलं जात होतं तेच नेमकं ऐकवत होती. मी तो तुकडा पहिल्यापासून वाजवला. मेस्त्री उभं राहून शेवटपर्यंत ऐकत होते.

"आता लाकूड सरळ आहे," ते म्हणाले. त्यांनी पुढचं वाक्य पाण्याबरोबर गिळलं. दाराचे ३५० घेतले; मानेचे काही नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी जन्मभर ऐकत आलो आहे आणि रोज कर्जदारांना ऐकवत आलो आहे. पण अंगण खरोखरच वाकडं असेल तर काय, याचा विचार आपल्या म्हणीने केलेलाच नाही. माझं अंगण पुराव्यानिशी वाकडं होतं! साक्षीदार मेस्त्री! दुर्दैव एवढंच की ते आता सरळ झालं होतं, आणि नाच अजून व्हायचा होता. त्या रात्री साडेनऊला मी गिटारला हात लावला नाही. मान दुखत होती.

रविवारी जेवायला बसलो तर आईने ताटात शेजारी-शेजारी दोन पोळ्या वाढल्या आणि म्हणाली, "डोळे मीट. एक तोड, मग दुसरी. शिसवी पोळपाटावरची कोणती, सांग."

व्याजासकट वसुली होती. पण गेल्या आठ महिन्यांत माझा कान तयार झाला होता, जीभ का होणार नाही? मी पहिलीचा घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरीचा. पदर सुटण्यातला फरक, कडेचा मऊपणा, जिभेवर रेंगाळणं. शंकाच नव्हती.

"ही. दुसरी. ही वॉर्म आहे."

"वॉर्म असणारच," बायको म्हणाली, "आत्ता तव्यावरून उतरली. आणि दोन्ही ओट्यावर लाटल्यात, ग्रॅनाइटवर. पोळपाटाचा पाय लचकतो म्हणून मेस्त्री कालच घेऊन गेलेत."

मी डोळे मिटलेलेच ठेवले. आणखी एक तुकडा तोडला, नीट चावला आणि म्हटलं, "तरीच. जरा ब्राइट वाटत होती."